सव्वीस नावांची छाती

डॉ. चंचल पिंपळशेंडे डॉक्टर आहे, यावर तिच्या गावाचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. गाव घुग्घुसच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. तिथे डॉक्टर म्हणजे सुई देणारा माणूस. चंचल सुई देत नाही, गोळी देत नाही, जीभ दाखवा म्हणत नाही. ती अंधाऱ्या खोलीत बसते, दुसऱ्याने काढलेले फोटो पाहते आणि काय दिसलं ते तिसऱ्याला कळवते. शेजारच्या काकूंनी एकदा तिच्या वडिलांना सरळ विचारलं, "मंग उपाय कोन करते?"

वडिलांना गावात सगळे बापूजी म्हणतात. त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "उपाय दुसरे करतेत. हे फक्त सांगते, आत काय हाय थे."

"म्हनजे ज्योतिषीन," काकू म्हणाल्या. तो शब्द गावात टिकला.

क्ष-किरणशास्त्र ही शाखा तिला परीक्षेतल्या क्रमांकामुळे मिळाली. आवड मागून आली; लग्नातही तसंच होतं, असं विभागातले विवाहित लोक सांगत. पण आवड आली ती पक्की आली. छातीच्या फिल्मवर ती बरगड्या मोजायची ते वडील कापसाची तासं, म्हणजे ओळी, मोजत तसं: शेताच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, मध्ये न थांबता, बोट न लावता. बाकीचे रेसिडेंट बरगड्या मोजत नसत. त्या चोवीस असतात हे त्यांना माहीत होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका न्यासाने चालवलेल्या रुग्णालयात ती शिकत होती. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची उद्दिष्टं चोपन्न पानांच्या पुस्तिकेत छापलेली होती. प्रत्येक कौशल्यापुढे चार रकाने: पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, स्वतंत्रपणे केले. 'छातीची फिल्म वाचणे' याच्या चौथ्या रकान्यात चंचलच्या नावापुढे पहिल्याच वर्षी सही पडली. 'स्वतःची चूक ओळखून संबंधितांस कळवणे' असंही एक कौशल्य पुस्तिकेत होतं. त्याचे चारही रकाने विभागातल्या सर्वांचे कोरे होते. यावरून विभागात चुका होत नाहीत असा निष्कर्ष पाहणीला आलेल्या समितीने काढला आणि समाधान नोंदवलं.

विभागप्रमुख डॉ. वैरागडे मूळचे ब्रह्मपुरीकडचे. व्याख्यान ते पुस्तकी भाषेत देत आणि राग आला किंवा हसू आलं की झाडीपट्टीच्या बोलीत येत. शिकवण्याचे त्यांचे नियम दोनच होते. छातीच्या फिल्मवर छाती शेवटी पाहायची, आधी कोपरे पाहायचे. आणि कुठलीही सावली दिसली की पहिला प्रश्न: जुनी फिल्म कुठे आहे? "आजची फिल्म म्हणजे माणसाचा फोटो," ते म्हणत. "जुनी आणि नवी शेजारी ठेवली की त्याची चाल कळते."

दर सहा महिन्यांनी घुग्घुसच्या पुढल्या एका गिट्टी क्रशरवरून पवन नावाचा माणूस सीडी घेऊन यायचा. क्रशर म्हणजे दगड फोडून गिट्टी करायचा कारखाना. दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसते, म्हणून कामगारांच्या छातीचे फोटो काढावे लागतात. पवन ठेकेदाराचा माणूस, इस्त्रीच्या शर्टातला, अतिशय नम्र. फोटो क्रशरवरच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्याच भाड्याच्या मशीनवर निघत. विभागात फक्त सीडी आणि नावांची यादी येई. चंचल त्या भागातली, म्हणून हे काम पहिल्या वर्षापासून तिच्याकडे. दर वेळी अडुसष्ट फिल्म, एक दुपार; एकाची पाळी दोन वर्षांतून एकदा, म्हणून नावं दर वेळी नवी. चार शिबिरं तिने अशीच वाचली. ज्यांच्या छातीत ती बघत होती, त्यांतल्या एकाचाही चेहरा तिने पाहिलेला नव्हता; या शाखेत ते गैरहजेरीत धरत नाहीत.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, शनिवारच्या चर्चेसाठी तिला एखादी वेगळी बरगडी हवी होती. काही माणसांची एखादी बरगडी पुढच्या टोकाला गलोलीसारखी दुभंगलेली असते. त्रास काही नसतो, शंभरात एखाद्याला निघते. चंचलला आठवलं की अशी बरगडी आपण क्रशरच्या फिल्ममध्ये पाहिली आहे. तिने आपले जुने रिपोर्ट शोधले. सव्वीस निघाले.

एका क्रशरवर सव्वीस जणांची उजवी चौथी बरगडी दुभंगलेली. तिला त्या रात्री झोप लागली नाही. यादीतली बरीच आडनावं जिवतीकडच्या डोंगरातली, एकमेकांच्या नात्यातली. आनुवंशिक असणार. तिने शोधनिबंध लिहायला घेतला, आणि निबंध लिहिणाऱ्या सगळ्यांप्रमाणे सुरुवात शीर्षकापासून केली.

सरांनी ऐकून घेतलं. "सव्वीस?"

"हो सर. एकाच भागातले."

"छापाले कुठी धाडतेस?"

"दिल्लीला."

"बरं. दोन फिल्म लाव शेजारी. कोन्याही."

तिने लावल्या. सर खुर्ची ओढून बसले आणि नियमाप्रमाणे कोपऱ्यापासून निघाले. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा चुन्याचा जुना ठिपका होता. दुसऱ्या फिल्मवरही होता, त्याच जागी. सरांनी तिसरी लावायला सांगितली, मग चौथी.

"याइचा आजा एक असन, मानलं," ते म्हणाले. "बरगडी आज्यानं देल्ली. पन हा ठिपका बी आज्यानंच लावून देल्ला काय?"

चंचलने न सांगता पाचवी लावली. ठिपका तिथेच होता.

"बाई माहे, हा एकच गडी होय! सव्वीस डाव उभा राह्यला, सव्वीस नावानं." सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आन् तू दिल्लीले धाडून राह्यली त्याले!"

चंचलही हसली, कान लाल होईपर्यंत. शेडमध्ये चेहरा कोणी पाहत नसणार, किंवा पाहून सोडून देत असणार. ज्यांची छाती खराब ते चांगल्या छातीचा माणूस उभा करत होते. मग सरांनी चष्मा चढवला आणि निव्वळ सवयीने म्हटलं, "चला, आता जुनी फिल्म."

आणि आता जुनी फिल्म होती. आजवर नव्हती, कारण दर वेळी नाव नवीन होतं. दर शिबिरात हा माणूस पहिल्यांदाच येत होता. चंचलने सव्वीस फिल्म तारखेने लावल्या. पहिल्या शिबिरातल्या चार. दुसऱ्यातल्या सहा. मग आठ, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या आठ.

पहिल्या चारांत काही नव्हतं. दुसऱ्या शिबिरात बरगडीच्या दोन फाट्यांच्या मध्ये लाखोळी डाळीच्या दाण्याएवढी एक सावली होती. तिसऱ्यात ती चिंचोक्याएवढी झाली होती. शेवटच्या आठांत मोहाच्या टोळीएवढी, म्हणजे फळाएवढी, आणि तिची कड आता गुळगुळीत नव्हती. बारीक मुळ्या फुटाव्यात तशी आजूबाजूला पसरत होती.

चंचलने पडद्यावर आपले जुने रिपोर्ट उघडले.

"काय लिहिलं होतं?" सरांनी पुस्तकी मराठीत विचारलं. सही कोणाची आहे ते पडद्यावर दिसतच होतं.

"'उजवी चौथी बरगडी दुभंगलेली. दिसणारी सावली त्या बरगडीचीच. बाकी छाती स्वच्छ.'"

दुभंगलेल्या बरगडीचे फाटे एकमेकांवर आले की गाठीसारखं दिसू शकतं, फसू नये, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. अर्धवट शिकलेल्याने गाठ म्हणून सांगितली असती. पुरतं शिकलेल्याने जुनी फिल्म मागितली असती. चंचल मधल्या पायरीवर उभी होती, जिथे माणसाला अपवाद पाठ असतात. बावीस वेळा तिने ती गाठ पाहिली होती, आणि बावीस वेळा ती फसली नव्हती.

"हा कोण आहे?" सर म्हणाले.

शेवटच्या शिबिराच्या यादीत त्याची आठ नावं होती. आठांनाही गाठ आहे असं लिहिलं तर सात जणांबाबत ते खोटं. एकालाच लिहायचं तर कोणाला? आणि या आठांत तो असेलच, असंही नव्हतं. दुसऱ्यांसाठी उभं राहणाऱ्याचं स्वतःचं नाव यादीत असण्याचं काही कारण नाही.

चंचलने आठांनाही फोन केले. फोटो पुन्हा काढायचा आहे, दवाखान्यात या. सात जणांनी वेगवेगळ्या आवाजात एकच सांगितलं. "आम्ही फिट हाओ जी, म्याडम. तुम्हीच तं लिहून देल्लं." आठव्याचं नाव दिनेश गेडाम. त्याचं 'फिट' दोन हप्त्यांत आलं. मध्ये खोकला होता.

म्हणून रविवारी ती दिनेशकडे गेली. सोबत विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ, लटारूभाऊ. त्यांचीच मोटरसायकल. क्रशरच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या आणि त्यांच्यावर सगळीकडे पांढरी भुकटी बसलेली होती: पळसाच्या पानांवर, दोरीवरच्या लुगड्यावर, उन्हात झोपलेल्या कुत्र्यावर. कुत्रं उठलं तेव्हा जमिनीवर काळं कुत्रं उमटलेलं राहिलं.

दिनेश दारात उभा राहिला. छत्तीस वर्षांचा, खांदे वर चढलेले, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास वेगळा घेणारा. त्याची बायको सुकरी ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"तुम्ही फोटोवाल्या म्याडम नं?" दिनेश म्हणाला. "आमच्या घरी कायले आल्या? फोटो तं तिकडंच हाय."

"दिनेश, घाबरू नोको," लटारूभाऊ म्हणाले. "तुह्या नावचा फोटो बिघडला हाय. तू नाई."

"माह्या नावचा म्हनजे माहाच."

"असं? मंग शर्ट वर कर. चौथी बरगडी दोन फाट्याची हाय का, हात लावून पाहू दे म्याडमले."

दिनेश हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो भिंतीला धरून बराच वेळ चालला. संपल्यावर तो म्हणाला, "थंडीचा हाय. सर्दीचा."

सुकरीचं सूप थांबलं होतं. "फोटोत काय निंगालं?" तिने विचारलं.

"गाठ आहे," चंचल म्हणाली. "वाढते आहे. ज्याची आहे त्याला लवकर दवाखान्यात आणलं पाहिजे. उशीर आधीच झाला आहे."

"याची नोहे?"

"नावावर यांच्या आहे. यांची नाही."

"चूप बस व," दिनेश बायकोला म्हणाला. ती अजून काही बोललेली नव्हती.

"काऊन चूप बसू? तुहं काम गेलं तं दुसरं भेटन. भाऊ कुठून आनू मी?" मग चंचलकडे वळून, "मुखरू होय थो. माहा भाऊ."

मग सगळं निघालं. दिनेश आधी दुसऱ्या एका खदानीवर होता. तिथे त्याचा फोटो खराब आला आणि दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव गेलं. इथे कामावर घेतानाच्या फोटोला त्याने साळ्याला उभं केलं. मुखरू डोंगरातला, कोरडवाहू ज्वारी-तूर करणारा. आयुष्यात कधी क्रशरवर गेला नाही, मोहाच्या झाडावर मात्र माकडासारखा चढायचा. त्याची छाती चांगली होती आणि ती अशा कामाला येते ही बातमी खोल्यांमधून फिरली. लग्नासाठी घरोघरी गंज-परात मागून नेतात तसा मग मुखरू मागून नेला जाऊ लागला. तो काही घ्यायचा नाही. मोटरसायकलवरून आणणं-नेणं आणि कोंबडीचं जेवण, एवढं पुरे. त्याला त्याचा अभिमान होता. शेडमधला फोटो काढणारा त्याला 'पासभाऊ' म्हणायचा.

"ऑक्टोबरपासून बारीक झाला," सुकरी म्हणाली. "मी म्हनलं, उपाशी राहात असन."

दुसऱ्या दिवशी चंचल, लटारूभाऊ आणि सुकरी जिवतीच्या वर, मुखरूच्या वस्तीवर गेले. वस्तीत फोनला रेंज नव्हती. खाली यायला सकाळची एक जीप. मुखरू खळ्यावर तुरीच्या काड्या झोडपत होता. चार काठ्या मारायचा आणि थांबायचा. अंगातला सदरा आधी त्याच्याच मापाचा असावा.

"फोटोवाल्या म्याडम होय," सुकरीने ओळख करून दिली.

"हो का!" मुखरूचा चेहरा उजळला. "मले तुम्हीच पास करता न जी?"

एवढी सरळ सुरुवात कोणी करून दिली नसती तरी चाललं असतं. चंचल खाली बसली. पाठीत दुखतं का, तिने विचारलं. दुखत होतं. खोकल्यात लाल दिसतं का? दिवाळीपासून दिसत होतं.

"मले ठाऊक हाय, काऊन झालं थे," मुखरू म्हणाला. "लोकाचं नाव घेऊन उभं राह्यलं न, तं नावामागून खोकला बी येते. सव्वीस जनाइचं नाव घेतलं. थोडा-थोडा बी आला तं किती झाला, तुम्हीच सांगा."

असं होत नाही, हे चंचलला सांगता आलं असतं. पण का झालं हे तिलाही सांगता येत नव्हतं, आणि मुखरूचं म्हणणं निदान हिशेबाने बरोबर होतं.

"मुखरूभाऊ, तुमच्या छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "ती मला सव्वा वर्षापासून दिसत होती. मी ती बरगडी समजून सोडून दिली. चूक माझी आहे."

सुकरीने तिच्याकडे पाहिलं. लटारूभाऊंनी डोंगराकडे पाहिलं.

मुखरूने काठी खाली ठेवली. "म्हनजे गाठ होती आन् तुम्ही पास केलं?"

"हो."

"कितीक डाव?"

"बावीस."

"मंग बराबर हाय," तो समजुतीने म्हणाला. चंचलची समजूत काढायचा त्याचा स्वर होता. "पास होयालेच तं उभा होतो मी."

त्याच आठवड्यात सुकरीने त्याला खाली आणलं. सीटी झालं. गाठ होती तिथेच होती आणि मोठी होती. छातीच्या मधल्या भागातल्या गाठीही सुजलेल्या होत्या. आता सुईने तुकडा काढून तपासायचा, म्हणजे ही कुठल्या जातीची हे कळेल आणि कोणतं औषध लागू पडेल ते ठरेल. "जगन तं या सुईनं जगन. आन् गेलाच तं सुईले उशीर झाला म्हून नोको," सर म्हणाले. पुढच्या मंगळवारी अकराची वेळ ठरली. सुई चंचलने घालायची, सरांनी शेजारी उभं राहायचं. डोंगरावर निरोप पोचायचा रस्ता एकच होता, सुकरी. तिने आदल्या दिवशी वर जायचं आणि मंगळवारी सकाळच्या जीपने भावाला घेऊन उतरायचं. तिने तीनदा वदवून घेतलं: मंगळवार, अकरा, उपाशीपोटी.

मधल्या शुक्रवारी पवन आला. शिबिराला अजून चार महिने होते.

"म्याडम, तुम्ही आठ जनाले फोन करून पुन्हा फोटो मागतला म्हने," तो आर्जवाने म्हणाला. "मले सांगाचं न जी. सारे इथी येतीन, काम बुडन, तुमाले तरास. मी काढून आनले." त्याने सीडी टेबलावर ठेवली. "आठही फिट असतीन. म्हनजे, तुम्ही पाहानच."

ती पाहत बसली. सात फिल्मवर बरगड्या बाराला बारा, कुठेही फाटा नाही. सातही जणांचं डावं हसळीचं हाड, गळ्याखालचं, कधीतरी मोडून एकाच जागी, एकाच वाकड्या तऱ्हेने जुळलेलं होतं. खोल्यांनी नवीन माणूस शोधला होता. तोही निरोगी होता, अजून.

आठवी फिल्म दिनेशची. यादीत लिहिलेलं: पुरुष, वय छत्तीस. फुप्फुसं स्वच्छ, हृदय बेताचं, बरगड्या चोवीस. आणि दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागावर मऊ, गोलसर सावल्या. प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यातच त्या ओळखायला शिकवतात, कारण त्या ओळखल्या नाहीत तर बायकांच्या निरोगी छातीत पाणी साचल्याचा भास होतो. फिल्म बाईची होती.

शनिवारी सुकरी मुखरूच्या रक्ताचे रिपोर्ट घ्यायला आली. ते पिशवीत ठेवून झाल्यावर ती गेली नाही.

"म्याडम, माहा फोटो बरा हाय न?"

चंचलने दार लोटलं. "तुम्ही काऊन उभ्या राहिल्या?" तिच्या तोंडून गावची बोली आली.

"मंग कोन राहीन? त्या सातजनाइनं त्याइचा मानूस पाह्यला. दिनेशले म्हनते, तुही बायको तोंडाची पातळ हाय, तू तुहं पाय. घरात दुसरी छाती माहीच." ती ओशाळली नव्हती. "शेडमंधी थो मानूस म्हने, बाई, मान खाली घाला, म्हनजे मले काई दिसलं नाई."

"दिनेशभाऊंना इथे आणा. त्यांची छाती तपासू. काय औषध असेल ते करू."

"औषीद हाय काय त्या धुळीवर?"

धूळ एकदा बसली की निघत नाही. चंचल पुन्हा एवढंच म्हणाली, त्यांना आणा. सुकरीला उत्तर कळलं.

"माह्या छातीत काई नाई न पन?"

"नाही. स्वच्छ आहे."

"मंग थेच लिहा न. खोटं थोडी हाय." सुकरी उठली. "त्याचं काम राह्यलं तं मी इथी राहीन. मी राह्यली तं मुखरूले आनीन. मंगळवार, अकरा, उपाशीपोटी. मले पाठ हाय."

ती गेल्यावर चंचल सरांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सरांनी पूर्ण ऐकलं.

"सर, काय लिहू?"

"मी आज सुट्टीवर हाओ, असं समज," सर म्हणाले. ते समोरच बसलेले होते. "बावीस वेळा काय दिसतं ते सोडून काय असावं ते लिहिलंस. आता मी सांगणार नाही. तुला स्वतंत्रपणे करता येतं अशी माझीच सही आहे."

'फुप्फुसे स्वच्छ' एवढे दोन शब्द लिहिले असते तर ते खरे होते. ती तासभर त्या दोन शब्दांसमोर बसली. त्या आठ जणांच्या छातीत काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये म्हणून एक माणूस आधीच खर्ची पडला होता. डाव्या हसळीचा कोण होता तेही माहीत नव्हतं. संध्याकाळी सहा वाजता तिने आठ रिपोर्ट पाठवले. सातांमध्ये लिहिलं, या सर्व फिल्म एकाच व्यक्तीच्या आहेत. आठव्यामध्ये लिहिलं, ही फिल्म स्त्रीची आहे. खाली एक ओळ: आठही कामगारांस ओळख पटवून प्रत्यक्ष तपासणीस पाठवावे, कोणासही तपासणीपूर्वी कामावरून काढू नये. ही शेवटची ओळ तिने ठळक केली.

रविवारी फक्त ती ओळ सोडून बाकी सगळं वाचलं गेलं असावं. सोमवारी सकाळी आठही नावं हजेरीतून गेली. ही बातमी लटारूभाऊंनी आणली. चंचलने सुकरीला फोन लावला. दोनदा घंटी वाजली. तिसऱ्यांदा फोन बंद होता.

मंगळवारी अकराला सीटीचं टेबल तयार होतं. हिरवं कापड, सुया, नमुन्याच्या बाटलीवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी. बाहेर बाकावर नऊ-दहा माणसं बसलेली होती. विभागातल्या सेविका मावशींनी दार उघडून हाक मारली, "मुखरू कुळसंगे!" माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशींनी बापाच्या नावासकट पुन्हा मारली. कोणी उठलं नाही.

"दहा मिनिटं थांबू," सर म्हणाले.

साडेअकरा वाजता लटारूभाऊ आले. त्यांची गाडी गुडघाभर धुळीने माखलेली होती. ते पहाटेच क्रशरवर आणि डोंगरावर जाऊन आले होते.

"खोल्या रिकाम्या हायेत," ते म्हणाले. "आठही घरं काल दुपारीच निंगाली. तेलंगणात मिरची तोडाले. दिनेश, सुकरी, सारे. गाडी जिवतीवरून गेली, तं मुखरूलेबी घेतलं. वस्तीवरचा म्हातारा सांगे, थो खुशीत चढला गाडीत."

"सुकरीने त्याला सांगितलं नाही? मंगळवारचं?"

"सांगतलं म्हने. म्हातारा होता तिथी." लटारूभाऊंनी रुमालाने तोंड पुसलं. "थो म्हने, दवाखान्यात एवढ्या मोठ्या मशीनमंधी माह्या सोताच्या नावाचा फोटो निंगाला. आता काई होत नाई."

"कोणत्या गावाला गेले?"

"मिरची जिथी लाल झाली तिथी."

चंचलने बाटलीवरची चिठ्ठी काढायला हात घातला. ती पक्की चिकटली होती; तिने बाटली तशीच बाजूला ठेवली. बाहेर मावशींनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं, आणि एक माणूस लगेच उठला.